यानातल्या ॲक्सिलरोमीटरबद्दल पण छापा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

कुठलंही यान उतरलं की तुमच्याकडे फोटोला अर्धं पान असतं, ते छानच, पण त्याचा वेग किती झपाट्याने बदलतोय हे सांगणाऱ्या ॲक्सिलरोमीटरला एक ओळ पण मिळत नाही. फेल गेला तरी 'तांत्रिक बिघाड' लिहून विषय संपतो.

नासाच्या जेनेसिसचंच घ्या. सौर वाऱ्याचे कण गोळा करून कॅप्सूल 8 सप्टेंबर 2004 ला परत आली, यूटाच्या वाळवंटावर हेलिकॉप्टर तिला हवेतच झेलायला तयार, आणि पॅराशूट उघडलंच नाही, ताशी 300 किमीच्या वर वेगाने सरळ जमिनीत घुसली. आत छोटे जी-स्विच (ॲक्सिलरोमीटरसारखेच, वेगातला बदल ओळखणारे साधे स्विच) होते, वातावरणात शिरताना वेग एकदम कमी झाला की आतला दट्ट्या स्प्रिंग दाबून सरकणार आणि त्यावरून पॅराशूटचा टायमर सुरू होणार, इतकं साधं काम. पण ड्रॉइंगमध्येच ते उलटे दाखवलेले, त्यामुळे दट्ट्या सरकलाच नाही. बॅकअप होता की! पण तो पण त्याच ड्रॉइंगवरून, म्हणजे तोही उलटाच. आणि ज्या टेस्टमध्ये हे सापडलं असतं ती आधीच गाळलेली. सेन्सर कसा टेस्ट केला आणि बॅकअप खरंच वेगळा आहे का, हे पत्रकारांनी लाँचच्या आधीच विचारायला पाहिजे असं माझं मत.

फक्त बिघाडच छापा असं नाही म्हणत मी. कक्षेत फिरताना ॲक्सिलरोमीटर जवळपास शून्य दाखवतो, कारण यान आणि आतलं वजन दोन्ही सोबतच पडत असतात (तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून नाही!). मग गुरुत्व मोजायचं कसं? युरोपच्या 2009 च्या गोचे उपग्रहात अर्ध्या मीटरच्या अंतरावर जोडीजोडीने सहा ॲक्सिलरोमीटर होते, जोडीतल्या दोघांच्या रीडिंगमधला बारीकसा फरक धरूनच पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा नकाशा बनवला.

मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरमध्ये तर खास ग्रॅव्हिमीटर (गुरुत्व मोजायचं यंत्र) नव्हताच. रोव्हर किती कललाय वगैरे कळायला जे ॲक्सिलरोमीटर दिलेले, त्यांच्या जुन्या रीडिंगवरून शास्त्रज्ञांनी डोंगर चढताना गुरुत्व किती बदललं ते काढलं, 2019 मध्ये पेपर आला, खालचा खडक घनमीटरला साधारण 1680 किलो निघाला, म्हणजे बराच सच्छिद्र. वेगळा पैसा नाही, वेगळं यंत्र नाही. याला एक चौकट द्यायला काय हरकत होती?

आपला,
एक वाचक