जिना सरळ उतर

सातारा,
रविवार, संध्याकाळ

चि. तायडीस,
अनेक आशीर्वाद.

काल आत्याचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, पोरगी चार दिवस झाले जिना आडवी उतरतेय, कठडा धरून, एकेक पायरी. मी विचारलं तर तू म्हणालीस, "काही नाही आप्पा, जरा पाय भरलेत." तायडे, पाय भरलेला माणूस कण्हत उतरतो, पण सरळ उतरतो. आडवं उतरायला लावतो तो गुडघा. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर तू नुसतं हो हो म्हणशील, म्हणून लिहून पाठवतोय.

पाऊस लागलाय, ग्राउंडवर चिखल आहे आणि पोलीस भरतीची तारीख कधीही लागेल, म्हणून तू आत्याच्या वरच्या खोलीत फरशीवर रोज तीनशे उड्या आणि बैठका मारतेस, हे मला कळलं. 800 मीटरचे 20 गुण, 100 मीटरचे 15, गोळ्याचे 15. हे पन्नास गुण तुझ्या पायांवर आहेत, गोळासुद्धा. तुझी घाई मला समजते. पण त्याच पायांवर तू घाव घालते आहेस.

एक गोष्ट मी तुझ्या आईलाही कधी नीट सांगितली नाही. मी 19 वर्षांचा होतो. तालमीत जायचो. तापानं महिनाभर अंथरुणात होतो, उठलो आणि आठ दिवसांवर गावची जत्रा. वस्ताद म्हणाले होते, पन्नास बैठकांपासून धर. मी ऐकलं नाही. बरोबरच्या पोराशी पैज लावून एका दमात आठशे मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. घाबरून वडिलांना सांगितलं. त्यांनी मला सायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. पाय खाली लोंबत ठेवायलाही जमत नव्हतं. चार दिवस सलाईन लावलं. डॉक्टरांनी समजावलं की सवय नसताना स्नायू इतका रगडला की त्याचे धागे तुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जत्रा गेली ती गेलीच, पुढचे दोन महिने मी लंगोट बांधला नाही. म्हणून सांगतो, व्यायामानंतर लघवी तशी गडद दिसली तर झोपून राहायचं नाही, लाजायचं नाही. त्याच तासाला आत्याला उठवायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता फरशीबद्दल. तालमीतली तांबडी माती आम्ही ताक, तेल, हळद घालून रोज खणायचो. ती पायाखाली दबायची. तुझं ग्राउंडही मातीचंच. आत्याची फरशी दबत नाही, उडी मारून उतरलीस की सगळा दणका घोटा, नडगी आणि गुडघा खातात. जमीन बदलली की अंगाला वेळ द्यावा लागतो. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले पैलवान. 1948 ला लंडनच्या ऑलिम्पिकला पहिल्यांदा मॅटवर उतरले, सहावे आले. मग चार वर्षं मेहनत केली आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. तू मातीवरून फरशीवर चार दिवसांत गेलीस.

तर आधी उड्या बंद. गुडघा शांत होईपर्यंत एकही नाही. नंतर मारशील तेव्हाही आठवड्यातून दोनदा, मोजक्या, आणि उतरताना आवाज आला नाही पाहिजे. गादीवर मारू नकोस, गादीत घोटा मुरगळतो.

बैठकांचंही ऐक. आमच्या तालमीतली बैठक टाचा उचलून, गुडघे पुढं काढून, खोल असायची. तिच्यात गुडघ्याच्या वाटीवर भार जास्त येतो. लहानपणापासून मारणाऱ्याला ती पेलते. तू खुर्चीची धर. आत्याची प्लास्टिकची खुर्ची मुळीच नको, ती फरशीवर सरकते. स्वयंपाकघरातली लाकडी घे आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेव. पाय खांद्याएवढे अंतरावर, टाचा जमिनीला, आधी कंबर मागं न्यायची आणि मग बसायचं. बुड टेकलं न टेकलं की उठायचं. उठताना श्वास सोडायचा, कोंडून ठेवायचा नाही. आणि कपाटाच्या आरशासमोर कर. उठताना गुडघे एकमेकांकडं झुकतात का ते बघ. तुझा उजवा झुकतो, तू लहानपणी दोरीवरच्या उड्या मारायचीस तेव्हापासून मी बघतोय. गुडघा पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. झुकायला लागला की तिथंच थांब, आकडा कितीही झालेला असो. दहा नीट झाल्या की एक फेरी झाली. तशा तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या.

त्याआधी पाच-दहा मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम कर. थंड अंगावर भार नको. मोजे घालून फरशीवर काही करायचं नाही, आणि सांगलीच्या पावसाळ्यात ती फरशी दमट असते, आधी पुसून घे.

बाकी तीनच गोष्टी कर. पाठीवर झोपून गुडघे मोडायचे आणि कंबर वर उचलून पाच मोजायचे. त्यानं बुडाचे स्नायू जागे होतात, आणि पळताना गुडघ्याला आधार तेच देतात. मग एक पाय सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा, दुखऱ्या गुडघ्यालाही हा बहुतेक वेळा चालतो. आणि खिडकीचा गज धरून टाचा वर, सावकाश खाली. खाली येताना घाई केलीस तर निम्मा व्यायाम फुकट गेला. उतरतानाच स्नायू जास्त ताणला जातो. यवतेश्वरच्या घाटात पळणाऱ्या पोरांना विचार, चढ दम काढतो आणि मांड्या धरतात त्या उताराला.

आणि हे एक दिवसाआड. स्नायू भरून येतो तो आरामाच्या दिवशी. मधल्या दिवशी चाल, कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन ये.

आता दुखण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्या ओढल्या, हिंडलं-फिरलं की मोकळं वाटलं आणि दोन-तीन दिवसांत गेलं, तर ते मेहनतीचं दुखणं, त्याला घाबरू नकोस. पण एकाच जागी सुईसारखी कळ, गुडघ्याला सूज, चालता चालता गुडघा दगा देणं किंवा अडकणं, यातलं काही झालं तर थांब. मिरज हाकेवर आहे, हाडांच्या डॉक्टरला दाखवून ये. नडगीवर बोटानं दाबून बघ. लांबीभर ठणकत असेल तर पळणं कमी कर. हाडाच्या एकाच बिंदूवर जीव जात असेल तर पळणं पूर्ण बंद, तिथं हाडाला बारीक चीर असू शकते. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागली तर ती चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबायचं नाही.

आईनं एक सांगायला सांगितलंय, ते मीच लिहितो. वजन उतरवायला म्हणून जेवण कमी करू नकोस. मेहनत वाढली आणि पोटात पडलं नाही की पाळी चुकते, आणि पाळी चुकत राहिली की हाडं कच्ची होतात. दोन महिने मागंपुढं झालं तर आईला फोन कर. भाकरी, अंडी, शेंगदाणे, दूध, जे आत्या देईल ते पोटभर खा.

तुझ्या मैत्रिणी पुढं जातील ही भीती मला ठाऊक आहे. मलाही तीच होती त्या जत्रेच्या वेळी. पण दहा दिवस हलक्यानं घेतलेस तर तुझा 800 चा वेळ फार हलत नाही. गुडघा बसला तर अख्खी भरती जाते.

पुढच्या रविवारी पहिल्या एस.टी.नं येतोय. आजीचा तो बुटका लाकडी पाट घेऊन येतो, पायरीवर चढ-उतार करायचा व्यायाम त्यावर शिकवीन. तोवर उद्या सकाळी उठलीस की कठड्याला हात न लावता, तोंड समोर करून, सावकाश जिना उतर. कळ आलीच तर लगेच कठडा धर. कोणत्या पायरीला आणि कोणत्या गुडघ्यात आली, ते मला फोनवर सांग. न लपवता.

तुझे,
आप्पा