सुमे, ती बाटली बाळाच्या खोलीत नको

पुणे, सोमवार

प्रिय सुमे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मग परत लावून ऐकला कारण मध्येच कुकरच्या शिट्ट्या, आणि फोनवर सांगितलेलं तू अर्ध विसरतेस म्हणून लिहूनच पाठवतेय. तर प्राजू नातवाला घेऊन घरी आलीये, तुझ्या त्या नवीन शेजारीणबाईंनी इसेन्शियल ऑइल्सचा, म्हणजे फुलं-पानं-सालींमधून काढलेल्या वासाच्या घट्ट तेलांचा, अख्खा किट नि डिफ्यूझर, ते पाण्यात तेलाचे थेंब टाकून वास खोलीभर उडवणारं मशीन, तुझ्या गळ्यात मारलाय, आणि आता तू विचारतेस की बाळंतिणीच्या खोलीत लावू का. नको लावूस. बाळाच्या खोलीत निदान पहिले काही महिने यातलं काहीही नको. बाकी घरात लाव की खुशाल, मी पण लावते.

किटमध्ये निलगिरी आणि पेपरमिंट असणारच. सर्दी झाली की आपल्याला त्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण तान्ह्या बाळाच्या नाकाशी पेपरमिंटमधलं मेंथॉल किंवा निलगिरी नेली तर त्याचा श्वास अडकू शकतो. उशीला एक थेंब, झबल्याला एक थेंब असलं काही करायचं नाही. आणि आता हे सासूबाईंना कसं सांगायचं ते तू बघ, पण कापराची पुरचुंडी पाळण्याला नको. कापूर पोटात गेला की बाळाला फिट्स येतात, आणि त्याला जास्त लागतही नाही, एवढासा पुरतो. ओवा-वावडिंगाची धुरी पण बाळाला द्यायची नाही, एवढ्याशा फुफ्फुसांना धूर कशाला? प्राजूला शेक हवा असेल तर तिने दुसऱ्या खोलीत घ्यावा. "आम्ही नाही का पाच पोरं वाढवली" हे त्या म्हणणार, मला इथे पुण्यात ऐकू येतंय. डॉक्टरांच्या तोंडून वदवून घे, सुनेचं ऐकत नाहीत पण डॉक्टरांचं ऐकतात. मालिशला साधं खोबरेल, बस.

तुझ्या शेजारीणबाई म्हणतात ना की नॅचरल आहे मग काय होणार, त्यांना एक गंमत दाखव. संत्र्याची साल निरांजनाच्या ज्योतीजवळ धरून चिमटायची, साल वाकवली की बारीक फवारा उडतो आणि चर्रकन ठिणग्या पेटतात. ते जे पेटतं ना तेच ऑरेंज ऑइल, सालीच्या त्या बारीक बारीक पिशव्यांमधलं. बाटलीत ते अशा कितीतरी सालींचं एकवटलेलं असतं (आणि म्हणूनच ती बाटली देवघरात समईशेजारी ठेवायची नाही). गुलाबाचं तर विचारू नकोस, साधारण ३ ते ४ हजार किलो फुलं तेव्हा कुठे १ किलो तेल. एवढं घट्ट झालेलं काही आपण पाण्यात टाकून पितो का? तर नाही, कोमट पाण्यात लेमन ऑइलचे थेंब वगैरे जे त्या सांगतात ते मुळीच करू नकोस. तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं आणि थेट घशाला लागतं.

सासूबाईंच्या गुडघ्यांना जे विंटरग्रीन दिलंय, आपलं गंधपुऱ्याचं तेल गं, त्याचं तर मला जास्तच टेन्शन आलं. त्यात जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्याच जातीचं रसायन, छोटा चमचाभर पोटात गेलं तर अ‍ॅस्पिरिनच्या वीसेक गोळ्या खाल्ल्यासारखं होतं, आणि त्वचेतूनही ते आत जातं. त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात ना? मग ते लावायचंच नाही, बाटली वरच्या फडताळात. पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून सगळ्याच बाटल्या वर ठेव, आणि कोणी चुकून प्यायलंच तर उलटी काढायला जाऊ नका, बाटली घेऊन सरळ हॉस्पिटल गाठायचं.

हां, आता माझं. मला हा नाद लागला तो संध्याकाळसाठी. सिंहगड रोडचं ट्रॅफिक पार करून घरी आलं की डोकं भणभणलेलं असतं, तेव्हा हॉलमध्ये डिफ्यूझर, १०० मिली पाण्यात गवती चहाचं तेल ३-४ थेंब, खिडकी थोडी उघडी, अर्धा-पाऊण तास आणि मग बंद. रात्रभर चालू ठेवलं तर नाक मरतं आणि डोकं चढतं ते वेगळंच. पाणी आरओ फिल्टरचं घाल, बोअरचं घातलंस तर टीव्हीवर पांढरी पूड बसेल. झोपायच्या आधी लॅव्हेंडर, त्याने झोप लागते का तर थोडी मदत होते असं म्हणते मी, बीपी उतरतं नि कॅन्सर पळतो हे मात्र कुणी सांगायला लागलं की मी चपला घालते. त्या फ्रेंच केमिस्टची, गॅटफॉसेची गोष्ट ऐकवलीच असेल तुला, हात भाजला, लॅव्हेंडरमध्ये बुडवला आणि लगेच बरा झाला. भाजला होता हे खरं, १९१० मध्ये, पण त्याने लॅव्हेंडर वापरलं ते नंतर जखम सडायला लागली तेव्हा. आणि १९३७ मध्ये अरोमाथेरपीवर, म्हणजे वासाच्या तेलांनी करायच्या उपचारांवर, पुस्तक लिहिलं तरी तो अत्तराच्याच धंद्यातला माणूस होता, हे पण लक्षात ठेव.

अंगाला लावायचं असेल तर ३० मिली तिळाच्या तेलात १२ थेंब, याच्यावर नाही. चेहऱ्याला त्याच्या निम्मं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ. लिंबाचं नि बर्गमॉटचं (ते पण लिंबासारखंच एक फळ) तेल लावून उन्हात जायचं नाही, सोलापूरच्या उन्हात तर नाहीच, काळे डाग पडतात. जुनी झालेली बाटली पण अंगाला नको, हवा लागून तेल बदलतं आणि खाज सुटते. तुझ्या मनीला टी ट्रीच्या तेलापासून लांब ठेव, मांजरांच्या लिव्हरला ते झेपत नाही आणि ती अंग चाटते. आणि भाऊजींचा दमा आहे ना, ते घरात असताना लावूच नकोस.

खरं-खोटं कसं ओळखायचं विचारलंस. मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते, तिथल्या एका दुकानात काउंटरमागे ॲल्युमिनियमचे डबे असतात, दुकानदार कापसाचा फाया बुडवून हातात देतो आणि वर न बघताच विचारतो, "प्युअर की कंपाउंड?" हे विचारणारा माणूस बरा, कारण गुलाब, मोगरा, चंदन सगळं एकाच स्वस्त भावात दिसलं की ते कंपाउंडच, म्हणजे फॅक्टरीतला वास. अगरबत्तीला ठीक आहे. बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव आहे का बघ, लॅव्हेंडर असेल तर लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया. कागदावर थेंब टाकून ठेव, लेमन, निलगिरी उडून जातात आणि तेलकट डाग राहत नाही, राहिला तर आत दुसरं तेल घातलंय. वाळ्याला हे लागू नाही हां, ते मुळात दाट असतं. आणि अत्तर डिफ्यूझरमध्ये घालू नकोस, मशीन चोंदतं. कनौजचं मिट्टी अत्तर माझ्याकडे आहे, भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवलेला, ते फक्त मनगटाला.

वाळ्याची छोटी बाटली तुझ्यासाठी घेतलीये, येताना आणते. बारसं सव्वा महिन्यानेच करताय ना? तारीख लवकर कळव बाई, शनिवार-रविवार आला तर हुतात्मा एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन मिळत नाही.

तुझी,
नंदू