चपलेपलीकडची वादी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या अंकात एका वाचकाचे पत्र होते. कोल्हापुरी चपलेच्या कारागिराने आता मुलाला या धंद्यात आणू नये, गिऱ्हाईक राहिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. मी सध्या मिनेसोटात लेकीकडे आहे. ते पत्र मी इथे मोबाइलवर दोनदा वाचले. मी सुभाषनगरातल्या चपलेच्या घरातली. आप्पा तळ कापायचे, आई आणि मी वेण्या घालायचो. पत्रलेखकांचे दुखणे खरे आहे, ते मी घरात पाहिले आहे. पण चप्पल खपत नाही म्हणून हातातली विद्याच टाकून द्या, हे मला पटत नाही. ते का, हे इथे घडलेल्या एका गोष्टीवरून सांगते.

शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. सप्टेंबरच्या शेवटी इथे बदकांच्या शिकारीचा हंगाम लागतो. ते अंधारातच होडी आणि कुत्रा घेऊन निघतात, दुपारी परततात. एके दिवशी गाडीतून बदके उतरवताना ते सारखे खांदा चोळत होते. पाहिले तर बदके अडकवून आणायला नायलॉनची दोरी आणि तिला तारेचे फास. तारेने पाखरांच्या माना कापलेल्या, दोरीने त्यांच्या खांद्यावर वळ उठलेला. वडिलांच्या वेळचा चामड्याचा पट्टा होता, तो कुजून तुटला, म्हणाले. मी लेकीला म्हटले, "त्यांना विचार, मी नवीन करून देऊ का?"

शिकारीचे नाव निघाले की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे हे बंद आहे, आणि ते बंदच राहावे असे मलाही वाटते. इथली रीत वेगळी आहे. दिवसाला सहा बदके ही कमाल मर्यादा, त्यातही मॅलार्ड जातीच्या मोठ्या बदकाच्या माद्या दोनच. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक शिकाऱ्याला पंचवीस डॉलरचे बदकाचे तिकीट ('डक स्टॅम्प') घ्यावे लागते. हे तिकीट १९३४ पासून चालू आहे आणि त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यावर खर्च होतो. या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर १९९१ पासून बंद आहेत. शिवाय पाखरू घरी पोचेपर्यंत त्याचे डोके नाहीतर एक पंख अंगावर असावाच लागतो, म्हणजे तपासनिसाला जात ओळखता येते. म्हणून तर पाखरे अख्खीच, मानेला अडकवून आणतात. हे कळल्यावर माझे माप ठरले. मर्यादा सहाची, तर फासही सहाच.

चामडे दुकानात वासावरून निवडले. झाडाच्या सालीत कमावलेले होते. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, इथे दुसरी झाडे, पण वास एकाच घराण्यातला. इथे चामड्याची जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. मी नऊ औंसांचे घेतले, साधारण साडेतीन मिलिमीटर. आप्पांची रापी, म्हणजे चामडे कापायचे हत्यार, मी येताना मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणली होती. ती हातात घेतली आणि तीस वर्षांनी बोटांना आपसूक सगळे आठवत गेले.

खांद्याचा पट्टा बेचाळीस इंच लांब, मध्ये दोन इंच रुंद, टोकांना निमुळता. दोन्ही टोकांना पितळी कडी. प्रत्येक कडीला तीन वाद्या, म्हणजे चामड्याच्या अरुंद पट्ट्या, सोळा सोळा इंचांच्या, अर्धा इंच रुंद. वादीच्या एका टोकाला उभी चीर द्यायची, दुसरे टोक त्या चिरेतून ओढून घ्यायचे आणि मग कडीत दुमडून शिवायचे. झाली सुरगाठ. फासात मान घातली की पाखराच्या वजनानेच तो आवळतो, आणि वादी रुंद असल्यामुळे मान कापत नाही.

ऐकायला सोपे आहे, पण माझा पहिला पट्टा दोन फेऱ्यांत परत आला. एका वादीची चीर टोकाकडे फाटली होती, आणि ओल्या माना फासातून निसटत होत्या. फाटली ती माझ्या घाईने. चीर देण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना आरीने, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोच्याने, गोल भोक पाडायचे असते, म्हणजे ताण भोकाभोवती फिरतो आणि चीर पुढे पळत नाही. चपलेच्या कानाला भोक पाडताना आई हेच सांगायची. निसटण्याचे कारण शोधायला मला एक रात्र लागली. चामड्याची गुळगुळीत बाजू मी दिसायला छान म्हणून फासाच्या आत ठेवली होती. दुसऱ्या वेळी मांसाकडची खरखरीत बाजू आत घेतली. सगळ्या वाद्या पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने कापल्या, कारण पोटाकडचे चामडे ओले झाले की लांबते. कडा ओल्या फडक्याने चोळून चोळून बंद केल्या आणि तापवलेल्या तेलात मेण वितळवून ते कोमट असताना दोनदा जिरवले. सहा मोठी बदके म्हणजे सात-साडेसात किलो वजन. शेजाऱ्यांच्या खांद्यावर पट्टा टाकला तेव्हा त्यांनी काही न बोलता दोन्ही अंगठे पट्ट्याखाली घालून पाहिले, आप्पा चपलेचा अंगठा तपासायचे तसेच. वापरल्यावर गार पाण्याने रक्त धुवा, सावलीत वाळवा, हीटरजवळ नेऊ नका, एवढे मी लेकीकरवी सांगितले. नोव्हेंबर संपेपर्यंत पट्टा टिकला. आता त्यांच्या तीन मित्रांनीही मागितला आहे, आणि मी पैसे घेऊन करते आहे.

संपादक महोदय, आमचे आजोबा चपला करत नव्हते. ते मोटा शिवायचे, आसूड वळायचे, बैलांच्या घुंगरांचे पट्टे करायचे. विहिरींवर इंजिने आली, मोट गेली, आणि मग आमचे घर चपलेकडे वळले. म्हणजे आमच्या हाताने एकदा काम बदललेले आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आले, याचा मला फार अभिमान आहे. पण मी मागच्या वर्षी एका प्रशिक्षणवर्गात गेले होते, तिथे मुलांना फक्त चप्पल शिकवत होते, तीही ठरलेल्या दोन नमुन्यांची. दुर्बिणीचा पट्टा करून दाखवा म्हटले तर ते अभ्यासक्रमात नाही, असे उत्तर मिळाले.

का नसावे? नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात पाखरे बघायला किती माणसे जातात! त्यांच्या गळ्यात जड दुर्बिणी आणि कॅमेरे असतात, आणि बहुतेकांचे पट्टे नायलॉनचे, मान कापणारे. मी बदकांसाठी केला तोच पट्टा, तीच कडी, तेच माप थोडे बदलून, जिवंत बदके बघणाऱ्यांच्या गळ्यात शोभेल. सायकलवाल्यांना, वाद्यवाल्यांना, कुत्रे पाळणाऱ्यांनाही पट्टे लागतातच. पत्रलेखकांनी मुलाला चपलेचा आग्रह करू नये हवे तर, पण रापी धरायला जरूर शिकवावे. आणि वर्ग चालवणाऱ्यांनी आठवड्यातला निदान एक दिवस असा ठेवावा, की मुलाने बाहेर जाऊन एका माणसाला काय खुपते ते विचारून यावे आणि त्याच्या मापाने वस्तू करावी.

मी जानेवारीत कोल्हापुरात परत येते आहे. कोणत्याही वर्गाला माझा उपयोग होणार असेल तर विनामोबदला येऊन पट्टा शिकवीन. चामड्याचे तुकडे मी आणीन. माझ्याकडे आऱ्या चारच आहेत, म्हणून मुलांनी आरी आपापल्या घरून आणावी.

आपली नम्र,
एक वाचक
सुभाषनगर, कोल्हापूर (सध्या मुक्काम मिनेसोटा)