बाजारात शिरायचे आठ डॉलर

व्हँकुव्हर, कॅनडा
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. आजीलाही माझा नमस्कार सांगा.

मी बरी आहे. आधी तेच लिहिते, नाहीतर आई चार ओळी झाल्या की बाबांना थांबवून विचारेल, "तब्येतीचं काही लिहिलं का?" खोकला गेला. पोटभर जेवते, झोप होते. आज उपास आहे. साबुदाणा पंजाबी दुकानात मिळतो, फल्लीदाण्याचा कूट मीच केला. घर, ऑफिस, ट्रेन सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच चालू आहे.

लिहायला बसले ते रात्रीच्या बाजारातल्या त्या फोटोमुळे. मी ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा इथे शनिवारी रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे तुमच्याकडे रविवारी सकाळचे साडेदहा. तुमचा उपासाचा फराळ चालला असेल. पाच मिनिटांत आईचा फोन : "एवढ्या रात्री कुठे फिरून राहिली तू? सोबत कोण आहे?" मग आत्याने विचारलं, त्या काडीवरच्या आलूचे किती दिले? मी खरं ते सांगितलं आणि बाबा एकदम गप्प झाले. बाबा, तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही गप्प झालात की माझं आठ-आठ दिवस कशात लक्ष लागत नाही. फोनवर आवाज तुटतो, तुम्हाला ऐकू आलं नाही तरी तुम्ही "हो, हो" म्हणता. म्हणून कागदावर लिहिते. इथली एक नागपूरची मुलगी या आठवड्यात घरी जाते आहे, ती पत्र आणि एक लहान पुडकं आणून देईल. तिला चहा न देता पाठवू नका.

आधी आईचं. मी एकटी नव्हते. केरळची रूममेट होती आणि ऑफिसमधली तैवानची मुलगी होती. बाजार रिचमंड गावात भरतो आणि ते गाव माझ्या घरापासून दूर नाही. इथल्या मरीन ड्राइव्ह स्टेशनला ट्रेनमध्ये बसलं की फ्रेझर नदीचा पूल ओलांडून पुढचंच स्टेशन ब्रिजपोर्ट, तिथे उतरायचं. एकच स्टेशन. आपल्या मेट्रोसारखीच ट्रेन आहे, फक्त चालक नसतो. आणि रात्र म्हणजे तुला वाटते तशी रात्र नाही, आई. या दिवसांत इथे सव्वानऊनंतर सूर्य मावळतो. बाजार उघडला तेव्हा लख्ख ऊन होतं. नावाला रात्रीचा बाजार, पण पहिले दोन तास आपण दिवसाच फिरतो. गर्दीत बाबागाडीतली पोरं होती, आजी-आजोबा होते, फाटकावर पहारेकरी होते. बारा वाजायच्या आत मी घरी होते.

ताईने नकाशा काढून पाहिला आणि शेजारी कॅसिनो आहे म्हणून तुम्हाला सांगितलं. आहे, खरं आहे. बाजाराच्या मैदानाला लागूनच आहे. मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणार नाही. स्टेशनचा रस्ता त्याच्या बाजूने जातो, एवढाच त्याचा-माझा संबंध. ताईला सांगा, यापुढे नकाशा पाहिला की आधी मला फोन कर.

आता बाबांना जी गोष्ट कळली नाही ती. मलाही आधी कळली नव्हती, म्हणून सविस्तर सांगते. या बाजारात शिरायलाच पैसे पडतात. मैदानाला चारी बाजूंनी कुंपण, एका टोकाला फाटक, फाटकाशी तिकिटाच्या खिडक्या. माणशी आठ डॉलर. ते दिले की आत सोडतात, बस. मला वाटलं होतं, त्याचं एखादं कूपन मिळत असेल, आत खाण्यात वळते होत असतील. तसं काही नाही. ना कूपन, ना पाण्याची बाटली. आत प्रत्येक गोष्टीचे पैसे वेगळे. म्हणजे आपण बुधवार बाजारात भाजी घ्यायला निघालो आणि कोपऱ्यावर कुणी दोरी धरून उभा राहिला, की आधी शिरायचे पाचशे द्या आणि मग आत जाऊन वांगी विकत घ्या, तसं. जत्रेत आपण आकाशपाळण्याचं तिकीट काढतो, जत्रेत पाय ठेवायचं कधी काढलं का? तुम्ही आम्हाला इंदूरच्या सराफ्यात नेलं होतं, रात्री दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर जिलेबी आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला होता. तिथे कुणी अडवलं नव्हतं.

तैवानच्या मुलीलाही हे पटत नाही. ती म्हणाली, तैपेईत रात्रीचा बाजार म्हणजे रस्ताच असतो, माणसं ऑफिसातून घरी जाताना तिथेच जेवतात. इथे मात्र मैदान खासगी आहे. स्टेज, दिवे, सफाई, पहारा या सगळ्याचा खर्च कुणीतरी काढणारच. शिवाय हा बाजार वर्षभर भरत नाही. ऑक्टोबरपासून इथे पाऊस धरतो तो महिनोन् महिने सुटत नाही, त्यामुळे फक्त उन्हाळ्यातले शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्ट्या. तेवढ्या रात्रींत दुकानदारांना जागेचं भाडं काढून चार पैसे उरवायचे असतात. मग आलू महाग होणारच.

आणि त्या आठ डॉलरसाठी रांग! आम्ही चाळीस मिनिटं उभ्या होतो. कुणी मध्ये घुसलं नाही, कुणी "जरा सरका" म्हटलं नाही. रांगेतले लोक तिकिटाबद्दल कुरकुरत होते आणि कुरकुरतच पुढे सरकत होते. काही जणांनी मिळून घ्यायचा एक पास असतो, तो असला तर रांग टाळता येते, पण तो आम्हाला परवडणारा नव्हता. फलकावर एक गोष्ट मात्र वाचली : साठीच्या पुढच्यांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट. बाबा, तुम्ही आलात तर तुमचे आठ डॉलर वाचतील. मी तिथे उभी राहून तेच मोजत होते, तुम्ही फुकट, आजी फुकट, आईला अजून दोन वर्षं तिकीट.

रिचमंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक चिनी वंशाचे आहेत. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार म्हणून त्याआधीच्या वर्षांत तिथून खूप कुटुंबं इकडे आली. हा बाजार पहिल्यांदा २००० साली भरला, आत्ताच्या मैदानावर २०१२ पासून आहे. नागपूरच्या माणसाला रात्रीच्या बाजाराचं नवल सांगायला नकोच. मे महिन्यात दुपारी बर्डीच्या बाजारात कोण जातं? सगळे ऊन उतरल्यावरच निघतात. हाँगकाँग-तैवानलाही उकाड्यामुळे तीच सवय. इथे उकाडा नाही, गार वारं असतं, मी स्वेटर घातला होता. पण माणसं आपल्या गावची सवय सोबत घेऊन येतात.

एक गोष्ट मी अर्धा तास उभी राहून पाहिली. ड्रॅगनची दाढी म्हणतात त्या मिठाईला. दुकानातल्या काकांनी घट्ट पाकाचं एक कडं घेतलं, बांगडीएवढं. ते तांदळाच्या पिठात बुडवलं, दोन्ही हातांनी ओढून मोठं केलं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन दुमडलं, परत ओढलं. प्रत्येक वेळी धागे दुप्पट. चौदा वेळा दुमडलं की १६,३८४ धागे होतात, मी फोनवर गुणाकार करून पाहिला. शेवटी त्यांच्या बोटांवर आजीच्या केसांसारखा पांढरा, मऊ झुपका होता. त्याचा हातभर तुकडा तोडला, आत फल्लीदाणे, तीळ आणि खोबऱ्याचा कूट भरला आणि गुंडाळून डब्यात ठेवला. तोंडात टाकला की विरघळतो, मग खाली कूट लागतो, अगदी आपल्या संक्रांतीच्या लाडवाचा. आजीला सांगा, पाक थोडा जरी चुकला तरी धागा तुटतो म्हणाले ते काका. तिला कळेल.

आई, मटण खाल्लं. शनिवार होता, गुरुवार नव्हता. चीनच्या पश्चिमेकडच्या शिनजियांग भागात मटणाचे तुकडे सळईवर लावून निखाऱ्यावर भाजतात आणि वरून जिरं आणि लाल तिखट टाकतात. जिरं निखाऱ्यावर पडलं आणि तो वास आला ना, आपल्या स्वयंपाकघरात तू तव्यावर जिरं भाजतेस अगदी तसा. फोटोत माझे डोळे लाल दिसतात म्हणालीस, ते त्या धुरामुळे. दुसरं काही नाही. रूममेटने तैवानचा चहा घेतला होता, त्यात तळाला काळे, मोठे साबुदाणे असतात. तोही टॅपिओकाचाच, आपल्या साबुदाण्यासारखा. एक घोट मी घेतला. तैवानच्या मुलीने आंबवलेला टोफू घेतला. त्याचा वास इतका उग्र की लोक बाजूला होत होते, पण तिने पूर्ण डबा संपवला, एक शब्द न बोलता. नंतर म्हणाली, घरचा असा नसतो.

आता हिशेब. प्रवेश ८. ट्रेन जाऊन-येऊन ५.४०. काडीवर पिळून तळलेला तो आलू ९. मटणाच्या तीन सळया १२. मिठाई ८. मोजे १०. एकूण ५२.४० डॉलर. डॉलरचे ६२ रुपये धरले तर ३,२४९ रुपये. एकटा आलूच ५५८ रुपयांचा झाला. बऱ्याच दुकानांत रोखच चालते, म्हणून मी मोजून साठ डॉलर नेले होते, जास्त खर्च व्हायला नको म्हणून. उरलेले परत आणले.

बाबा, तुम्ही रुपयात मोजलंत, मीही मोजते, दोन वर्षं झाली तरी सवय सुटत नाही. पण इथे तासात मोजायला हवं. इथे किमान मजुरी ताशी १७.८५ डॉलर आहे, मला २१ मिळतात. कपात धरून ती अख्खी संध्याकाळ माझ्या तीन तासांच्या कामाची झाली. मार्चनंतर मी बाहेर पैसे देऊन खाल्लेलं हे पहिलंच. डबा रोज घरून नेते. हे बढाई म्हणून सांगत नाही, तुम्हाला वाटू नये म्हणून सांगते, की तुम्ही माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी एफडी मोडली आणि मी इथे आलूवर उडवून राहिली.

या महिन्यात ७०,००० पाठवलेत, मंगळवारपर्यंत खात्यात दिसतील. त्यातले ३१,००० बँकेच्या हप्त्याचे. मे महिन्यात तुम्ही माझा हप्ता पेन्शनमधून भरला आणि मला सांगितलं नाही, ताईने सांगितलं. तसं पुन्हा करू नका. उरलेल्यात मागच्या खोलीचं छत करून घ्या. पाऊस सुरू झाला आहे आणि आई फोनवर "थोडंसंच गळतं" म्हणते, म्हणजे बादली लावली असणार. मिस्त्री सांगेल त्यात हात आखडू नका, आणि उरलेली एफडी अजिबात मोडू नका.

दिवाळीला येणं जमत नाही. कायम राहण्याचा अर्ज या वर्षी टाकायचा आहे, कामात खंड पडला तर अडचण होते, आणि ऑक्टोबरमधलं तिकीट पाहिलं तर पोटात गोळा आला. मी आजीला कबूल केलं होतं, मला आठवतं. तिला तुम्ही सांगू नका, मी सांगेन. रविवारी.

कॅलगरीतल्या त्या अमरावतीच्या मुलाचं. आई, मी टाळून राहिली नव्हती, काय सांगावं ते समजत नव्हतं. त्याला माझा नंबर द्या. बोलेन मी, मोकळेपणाने बोलेन. पण त्याच्या घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा की मुलीवर शिक्षणाचं कर्ज आहे, अजून चार वर्षं हप्ते आहेत आणि ते तीच फेडणार, लग्नानंतरही. हे लपवून पुढे जायचं नाही. त्यांना चालत नसेल तर तसं कळू द्या. बैठकीची घाई करू नका, आणि हॉलची चौकशी तर अजिबात नको, मला माहीत आहे काकू धरमपेठेतला हॉल पाहून आली आहे.

पुडक्यात मोजे आहेत, तीन जोड. दोन बाबांचे, एक आजीचा. बाबा, तुम्ही नवीन वस्तू कपाटात ठेवून देता आणि जुनीच वापरता. हे ठेवू नका. सकाळी फुटाळा तलावावर फिरायला जाताना टाचेला भोक पडलेले घालता, ते आता टाकून द्या. मिठाई पाठवणार होते, पण डबा उघडला की ती दोन तासांत ओलावते, म्हणून नाही पाठवली. मीच खाल्ली, रात्री घरी आल्यावर.

आईने पाटवडीच्या रश्श्याचा मसाला त्या मुलीसोबत परतताना पाठवावा. हिरव्या सांबाराची जुडी इथे मिळते, मसाला मिळत नाही.

तुमची,
छकुली