आधी पंधरा दिवस पेढीवर बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागल्यापासून आपल्या करिअर पुरवण्या मी नेमाने वाचतो आहे. इंजिनिअरिंगला दोन पाने, मेडिकलला दोन पाने, परदेशी शिक्षणाला अख्खे रंगीत पान. कॉमर्सला मात्र कोपऱ्यात एक चौकट, तिच्यात कॅल्क्युलेटरचे चित्र आणि खाली ‘सीए, सीएस, सीएमए : उज्ज्वल संधी’. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षे दिवाणजी आहे, आडत पेढीचे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या पेढीचे, हिशेब लिहितो. चौकट पाहून मला हसू आले. पण त्याच संध्याकाळी भाची घरी आली, तर तिच्या हातात तेच पान घडी घालून ठेवलेले.

भाचीला बारावी कॉमर्सला ८१ टक्के, त्यात बीकेला (बुक-कीपिंगला) ९४ गुण. प्रश्न सरळ होता : “मामा, बी.कॉम.ला मेजर अकाउंटन्सी घेऊ का?” आमच्या वेळी नुसते ‘कॉमर्सला’ जायचे असायचे, स्पेशल विषयाचे पुढचे पुढे. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय) आणले आणि घरोघर ही चर्चा आधीच सुरू झाली. तिच्या वडिलांचे म्हणणे, अकाउंट्स म्हणजे सीए. नाही झाली तर पुढे काय? माझ्या बहिणीचे म्हणणे, मुलीच्या जातीला बरे, बसून करायचे काम. क्लासवाल्यांचे म्हणणे, आज फी भरली तर दहा टक्के सूट. या तिघांपैकी एकानेही तिला प्रत्यक्ष हिशेब लिहिताना पाहिलेले नव्हते. खरे तर तिनेही स्वतःला पाहिलेले नव्हते. पुस्तकातली उदाहरणे सोडवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे तेरीज, म्हणजे नावे-जमेच्या बेरजा, जुळणारच आहे हे आधी ठाऊक असते.

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. म्हटले, उद्यापासून पंधरा दिवस पेढीवर ये.

पहिले तीन दिवस तिने शेतकऱ्यांच्या पट्ट्या तपासल्या. पोती किती, वजन किती, सौद्यात दर काय निघाला, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा जाता हातात काय. चौथ्या दिवशी ती कंटाळली. “मामा, हे तर कॉम्प्युटरच करतो की.” मी म्हटले, करतो. मग तिला बँकेचा उतारा दिला आणि सांगितले, मागच्या महिन्याचा ताळमेळ लाव.

अकरावीच्या पुस्तकात बँक जुळवणी पत्रक असते. तिथे न वटलेले दोन धनादेश आणि बँकेचे थोडे कमिशन धरले की उत्तर येते. इथे चार पाने उतारा होता आणि शेवटी बँकेत आमच्या वहीपेक्षा ५४० रुपये कमी निघाले. तासभर शोधून ती म्हणाली, “पाचशे चाळीसच तर आहेत, मी घालू का खिशातून?” नवीन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. एकतीस वर्षांपूर्वी मीही विचारले होते आणि ज्या म्हाताऱ्या दिवाणजींच्या हाताखाली शिकलो त्यांनी माझ्याकडे जे पाहिले ते अजून आठवते. त्यांनी सांगितलेलेच मी तिला सांगितले. फरकाला नऊने भाग जातो का बघ. गेला, तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. नाही गेला, तर फरकाची निम्मी रक्कम शोध, नावेची रक्कम जमेला गेली असेल. ५४० ला नऊने भाग जातो. साडेसातला तिला सापडले : हमालांच्या चेकचे ३,८२० रुपये टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ३,२८० पडले होते. चहा केव्हाच गार झाला होता. सहाची बस चुकल्याचे तिच्या लक्षातही नव्हते.

अकाउंटन्सी घ्यावी की नाही याची मला माहीत असलेली परीक्षा हीच. टक्क्यांवरून ते कळत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीवर मी माझ्या मुलाला बसवले होते. त्याने दुसऱ्या दिवशी फरक सस्पेन्सला (न सापडलेल्या रकमांच्या खात्याला) टाकला आणि क्रिकेट खेळायला गेला. आज त्याचे मोबाइलचे दुकान आहे, उत्तम चालले आहे, आणि त्याचा हिशेब मी लिहितो.

आता सीएबद्दल. मी स्वतः इंटरपर्यंत, म्हणजे फायनलच्या आधीच्या टप्प्यापर्यंत, गेलेला माणूस आहे, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला (पेपरांच्या गटाला) एकूण ५० टक्के हा नियम तेव्हा होता, आजही आहे. एका खेपेला माझी बेरीज पन्नासाच्या वर गेली आणि एका पेपरात ३७ आले. तीन प्रयत्नांत एक ग्रुप सुटला. मग वडील आजारी पडले आणि मी पेढीवर बसलो. पुढे कितीतरी वर्षे लग्नकार्यात माझी ओळख ‘सीए करत होता’ अशी करून दिली जायची. कुणाला वाईट वाटावे म्हणून हे सांगत नाही. पण आकडे पाहा. नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के उत्तीर्ण झाले, पुढच्या मे २०२४ ला १९.८८ टक्के. बाकीचे काही ढ नव्हते. बरेच जण पुढच्या खेपेला पास होतात, काही चौथ्या-पाचव्या खेपेला होतात, काही थांबतात. थांबणाऱ्यांचे पुढे काय होते, यावर मी कुठल्याच पुरवणीत एक ओळ वाचलेली नाही. ज्याच्या घरी चार-पाच वर्षे कमाईची वाट पाहण्याची ऐपत आहे आणि स्वभाव चिवट आहे, त्याने सीए जरूर करावे. आम्हाला ऑडिटला येणाऱ्या पोरांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहूनही मी हे म्हणतो, कारण त्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत, माणूस जे शिकतो ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

पण सीए किंवा काहीच नाही, अशी ही वाट नाही. आमच्या जिल्ह्यात दर दोन गावांआड पतसंस्था आहे, साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, विकास सोसायट्या आहेत. या सगळ्यांचे लेखापरीक्षण व्हावे लागते. त्यासाठी सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही परीक्षा आहे, पदवीनंतर देता येते. ती पास होऊन लेखापरीक्षकांच्या नामिकेवर (पॅनेलवर) गेलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत आणि बरे कमावतात. त्यांच्यापैकी एकाचीही मुलाखत आपल्या पुरवणीत आल्याचे मला आठवत नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यात कॉस्टिंग बघणारा माणूस असतो, एका नगाला किती पडले हे त्याला विचारल्याशिवाय मालक दर देत नाही. बी.कॉम. झालेल्याला जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरून देणारा, होता येते. एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत जाता येते. बऱ्याच मुलांना या सेवेचे नावच माहीत नसते, सगळ्यांना तहसीलदार व्हायचे असते. आणि माझ्यासारखे दिवाणजी आहेत. सुरुवातीचा पगार मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. आमच्या पेठेत नुसती टॅली येणाऱ्या नव्या मुलाला बारा-तेरा हजारांवर ठेवतात. तेवढ्यावरच राहणारेही आहेत. वर तोच चढतो, ज्याला मालक रिटर्न भरण्याआधी विचारायला येतो.

भाचीने दुसरा प्रश्न विचारला तो रास्त होता. हे सगळे आता मशीनच करणार असेल तर शिकू कशाला? मी पेढीवर आलो तेव्हा लाल कापडी बांधणीच्या रोजकीर्दी आणि खतावण्या होत्या. मग टॅली आली आणि सगळे म्हणाले, दिवाणजी संपले. काही खरेच संपले. आमच्याच ओळीतले दोघे शेवटपर्यंत कीबोर्डला हात न लावता घरी बसले, त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पुन्हा तेच बोलले गेले, आणि त्या वर्षी आम्हाला रात्री अकराच्या आत घर दिसले नाही. आता ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्याला व्यापाऱ्यांशी होणाऱ्या व्यवहारांचे ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) काढावे लागते, बँकेचा उतारा थेट सॉफ्टवेअरमध्ये येतो. नुसते आकडे भरणाऱ्याचे काम जाणार, यात मला शंका नाही. भाचीचे ३,८२० चे ३,२८० सुद्धा पुढे होणार नाहीत.

मग उरते काय? सांगलीचेच उदाहरण घ्या. शेतकरी हळद शिजवतो, वाळवतो, पॉलिश करून यार्डात आणतो. ती अजून ‘शेतमाल’ आहे की प्रक्रिया केलेला माल? उत्तरावर कर अवलंबून, आणि आडत्याच्या कमिशनवरचा करही. हा वाद अ‍ॅडव्हान्स रूलिंगपर्यंत, म्हणजे कर कसा लागेल हे आधीच ठरवून देणाऱ्या सरकारी प्राधिकरणापर्यंत, गेला. यार्डात महिनोन् महिने दुसरा विषय नव्हता. बेरीज कुणीही करील, पण ही रक्कम कुठल्या खात्यात जाते हे ठरवायला माल पाहिलेला लागतो आणि कायदाही वाचलेला लागतो. २०१९ च्या महापुरात गोदामात पाणी शिरले, तेव्हा किती पोती भिजली, किती विकण्यासारखी उरली, विमा कंपनीला काय दाखवायचे, हे चिखलात उभे राहून लिहावे लागले. बिले भिजलेली, मालक सुन्न, आणि प्रत्येक पोत्याला पुरावा हवा.

शिवाय ‘नाही’ म्हणता यावे लागते. “ही एंट्री मागच्या तारखेला टाका” असे वर्षातून एकदा तरी कुणीतरी म्हणतेच. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे असा नियम झाला, त्यामुळे आता निदान एक निमित्त तरी हाताशी आहे. आमच्यासारख्या भागीदारी पेढ्यांना तेही नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीच्या अध्यक्षांनी ताळेबंदातली रोकड खोटी असल्याचे पत्र लिहिले. ते वाचताना मला सारखे वाटत होते की तिथेही बँकेचा ताळमेळ लावायला कुणीतरी बसत असणार.

बहिणीच्या ‘बसून करायच्या कामा’बद्दलही लिहितो, कारण हे वाक्य मी शंभर घरांत ऐकले आहे. जीएसटी रिटर्नसाठी दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, आयकरासाठी जुलैअखेरीस, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑडिटच्या दिवसांत हे काम करणाऱ्या बायका रात्री दहाला स्कूटर काढतात. दिवाळीला घरात फराळ चालू असताना आम्ही वहीपूजनाची तयारी करत असतो, वर्ष एप्रिलला सुरू होते हे माहीत असूनही. मुलीने हे काम घ्यावे, जरूर घ्यावे, माझ्या पाहण्यात त्यांचे हिशेब जास्त नेटके असतात. पण सोपे म्हणून कुणी देऊ नये.

विनंती दोन आहेत. एक कॉलेजांना : अकरावीनंतरच्या सुट्टीत मुलांना पंधरा दिवस पतसंस्थेत, पेढीवर, कारखान्याच्या हिशेब खात्यात बसवा. याला पैसे लागत नाहीत. आमच्या यार्डात दहा पेढ्या तरी तयार होतील, मी स्वतः विचारून पाहीन. दुसरी आपल्याला : पुढच्या पुरवणीत त्या चौकटीऐवजी पानभर जागा काढून, हे काम रोज करणाऱ्यांना बोलते करा. त्यात सीए अर्ध्यावर सोडलेलाही एखादा घ्या.

भाचीचा फॉर्म भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे. अजून तिने मला काही सांगितलेले नाही. २० तारखेला जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा असतो, तो कसा भरतात ते बघायला येऊ का, एवढे विचारून गेली आहे.

आपला,
एक दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली
(मालक आपलेच वर्तमानपत्र वाचतात, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.)

ता. क. : आपल्या चौकटीत सीएची आर्टिकलशिप तीन वर्षांची असे छापले आहे. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. दुरुस्ती छापावी.