पूर्वजांच्या नोंदी खुल्या राहाव्यात

महोदय,

मुलीकडे मिशिगनमधील हाउटनला राहायला आल्यापासून, कालव्यापलीकडच्या हॅन्कॉकमधील फिनिश वंशाच्या एका आजींशी माझा परिचय आहे. इथल्या तांब्याच्या खाणींत कामाला आलेल्या त्यांच्या आजोबांचे एकच छायाचित्र त्यांच्यापाशी होते. मागे शिसपेन्सिलीने फक्त ‘माकी’ असे आडनाव लिहिलेले. पण फिनलंडच्या ओस्ट्रोबोथ्निया भागात माणूस ज्या शेतवाडीवर राही तिचेच नाव लावी, वाडी बदलली की नावही बदले, आणि अमेरिकेत आल्यावर ते आणखी तोडले जाई. त्यातच १९१७ पर्यंत फिनलंड रशियन झारच्या अमलाखाली असल्याने जन्मस्थान म्हणून कुठे ‘फिनलंड’, तर कुठे नुसते ‘रशिया’ लिहिलेले असते. अशा वेळी नावावरून गाव सापडत नाही. चार ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवून जुळवाव्या लागतात.

आजींना ‘कौहावा’ हे गाव मिळाले ते नागरिकत्वाच्या अर्जातून. पुढे फिनलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने विनामूल्य खुल्या केलेल्या चर्चच्या वहीत, जन्मतारखेवरून, त्यांचे आजोबा सापडले आणि समोरच्या रकान्यात ‘अमेरिका’ एवढाच शब्द होता. त्या शब्दावर आजींनी बराच वेळ बोट ठेवले होते.

या साखळीतली एक कडी महाग झाली तरी शोध तिथेच थांबतो. १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या फायली ज्या अमेरिकी खात्याकडे आहेत, त्याने २०१९ मध्ये सूचीतील शोधाचे शुल्क ६५ डॉलरवरून २४० आणि फाइलच्या प्रतीचे ६५ वरून ३८५ डॉलर करण्याचा प्रस्ताव मांडला होता. वंशावळ शोधणाऱ्यांनी हरकतींचा पाऊस पाडल्यावर आकडे उतरले आणि २०२० मध्ये न्यायालयाने त्या दरवाढीलाही स्थगिती दिली. हॅन्कॉकचे १८९६ साली सुरू झालेले फिनलंडिया विद्यापीठ २०२३ मध्ये बंद पडले तेव्हाही तिथल्या फिनिश-अमेरिकन दप्तराची मोठी काळजी होती. एका फिनिश-अमेरिकन प्रतिष्ठानाने ते सांभाळायला घेतले म्हणून ते वाचले.

इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या फायलीही त्याच खात्याकडे आहेत. अशा शुल्कवाढीचे प्रस्ताव हरकतींसाठी जाहीर होतात, तेव्हा अमेरिकेतील मराठी वाचकांनी आपली हरकत अवश्य नोंदवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, हाउटन (मिशिगन)