मॅडम, तुमच्या निरोपाला आत येता आलं नाही म्हणून

मॅडम,

तुम्हाला निरोप दिला त्या दिवशी मी तिथेच होते, ओपीडीच्या बाकावर. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. इतकी वर्षं तुमच्या टेबलासमोर बसलेल्या आम्हा पेशंटांपैकी एकीलाही उठून दोन शब्द बोलता आले नसते. बोलले असते तर दुपारच्या एसटीच्या आधी माझी बातमी गावात पोचली असती. म्हणून हे पत्र, चारचौघांत, फक्त नाव न घालता. तुमचंही घालत नाही. मालवणकडच्या आहात, एवढं पुरे.

२००७ साल. मी सात महिन्यांची पोटुशी. हे मुंबईहून आजारी होऊन घरी आलेले, आणि कशाने ते कुणी उच्चारत नव्हतं. माझा रिपोर्ट तुम्ही सांगितलात, एचआयव्ही पॉझिटिव्ह. जिथे बाळंतपण ठरलं होतं त्या खाजगी डॉक्टरांनी कागद बघितला आणि ‘आमच्याकडे नको’ म्हणून मोकळे झाले. तुम्ही मला एक गोळी दिलीत. नेव्हिरापिन. कळा सुरू झाल्या की ही घ्यायची, आणि बाळाला ७२ तासांच्या आत सिरप. काहीच केलं नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते, हा आकडा तुम्ही मला लपवून ठेवला नाहीत, त्याचा तेव्हा राग आला होता.

ती गोळी मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पदराच्या गाठीला बांधली. रोज साडी बदलताना आधी गाठ बदलायची, मग साडी. आषाढात एका रात्री कळा आल्या, लाईट गेलेली, आणि चिमणीच्या उजेडात गाठ काही सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. रिक्षा व्हाळाच्या पाण्यात बंद पडली तेव्हा गोळी पोटात गेलेली होती, म्हणून मी रिक्षावाल्यापेक्षा शांत होते.

मग १८ महिने वाट बघायची, पक्की टेस्ट तेव्हाच व्हायची. मधल्या काळात हे गेले. त्याबद्दल इथे लिहीत नाही. तुम्ही एरवी ऑफिसातलं मराठी बोलायचात, पण त्या दिवशी कागद हातात घेऊन म्हणालात, ‘बाय गो, चेडू निगेटिव्ह असा.’ यंदा ती अठरा पूर्ण झाली.

हे सगळं कुणाच्या पैशातून चाललंय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ‘माझा पगार ग्लोबल फंडातून येतो,’ असं तुम्ही एकदा सहज म्हणालात. मला वाटलं सरकारचंच कुठलं खातं. तो २००२ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय निधी, आणि आईकडून बाळाला होणारी लागण थांबवण्याच्या कामाला आपल्याकडे त्याने पैसे दिले होते. त्याच्याही आधी, १९९२ साली नॅको, म्हणजे एड्स नियंत्रणाची सरकारी संस्था, निघाली, तेव्हा पहिला कार्यक्रम जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरवर उभा राहिला. ते कर्ज होतं. सोसायटीचं कर्ज घेतलेल्या घरात वाढलेय मी, त्यामुळे कर्जाला मदत म्हणताना जीभ जरा अडखळते. पण वेळेला मिळालं, हे खरं.

आणि गोळ्या? आधी वर्षाच्या औषधांना १० हजार डॉलरच्या वर पडायचे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीदांनी वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. पुढे परदेशी मदतीच्या पैशातून आफ्रिकेत ज्या गोळ्या वाटल्या गेल्या, त्यातल्या पुष्कळशा आपल्याच देशातल्या कारखान्यांत झाल्या. नुसतं आपण घेणारे आणि ते देणारे, असा सरळ हिशोब नाही तो. आपल्या सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. माझी २०११ मध्ये. सुरुवातीला दर महिन्याला घाट चढून कोल्हापूर, मग तुमच्याच खोलीत लिंक एआरटी आलं, म्हणजे गोळ्या जवळच मिळायला लागल्या.

तिथे मी एकदा तुम्हाला फसवलं होतं. सहा गोळ्या चुकवल्या होत्या, तर येताना त्या तुळशीच्या मागे पुरून आले. तुम्ही डबी कागदावर ओतलीत, पेनाच्या टोकाने दोन-दोन मोजत गेलात, आणि मान वर न करता म्हणालात, ‘इतका तंतोतंत हिशोब माझ्या किराणाचाही लागत नाही.’ एवढंच. रागावला नाहीत, रजिस्टरमध्ये काय लिहिलंत मला ठाऊक नाही. त्यानंतर मी गोळी चुकवलेली नाही, त्या स्वप्नं पडणाऱ्या गोळीच्या काळातसुद्धा. आता रात्री एकच असते आणि झोपही लागते.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवस रोखल्याची बातमी टीव्हीवर बघितली आणि मी रात्री दहाला तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, आपल्या गोळ्या आता आपल्याच सरकारच्या पैशातून येतात, २०२१ ते २०२६ साठी १५,४७१ कोटी मंजूर आहेत, झोप. मी झोपले. आफ्रिकेतली कुणी बाई त्या रात्री कुणाला फोन करत असेल, हे मात्र डोक्यातून जाईना.

इकडेही मी बघितलंय, प्रकल्प संपला की गोळी थांबत नाही, माणूस थांबतं. स्कूटीवरून येणारी ताई, जी ‘गॅसच्या सबसिडीचं विचारायला आले’ असं शेजाऱ्यांना सांगून माझ्या गोळ्यांची चौकशी करायची, ती एका मार्चनंतर आलीच नाही. आणि तुम्ही. निवृत्त हा शब्द कंत्राटी माणसाला लागत नाही म्हणे. मुदत संपली, शाल, नारळ, फोटो.

त्या फंडात पैसे घालणारी माणसं मला दिसणार नाहीत. त्यांच्या वाटचे आभारही तुम्हीच ठेवून घ्या, टेबलापलीकडे तुम्हीच होतात.

शुक्रवारी गोळ्या न्यायला येतेय, तेव्हा तुमच्या घरावरून जाईन. लेक बरोबर असेल. कोकमाचं आगळ आणतेय. बाटलीचं बूच सैल आहे, फ्रिजमध्ये उभीच ठेवा.

तुमची,
बाकावरची तिसरी